गिऱ्हाइकाच्या मापाचं नाणं

(नारायण पेठेतील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



निमंत्रण देताना संयोजकांनी मला एकच अट घातली होती : फक्त नाणी जमवणाऱ्यांपुरतं बोलू नका. अट रास्त आहे. ऑनलाइन लिलावात खोट्या नाण्याला भरमसाट पैसे मोजणारी निम्मीअधिक माणसं नाणी जमवणारी नसतातच. कुणाला देव्हाऱ्यात ठेवायला शिवाजी महाराजांच्या काळची एक तांब्याची शिवराई हवी असते, कुणाला मुलाच्या लग्नात व्याह्यांना काहीतरी वेगळं द्यायचं असतं, कुणाला निवृत्तीचे पैसे आल्यावर लहानपणीची हौस आठवते. मुरलेला संग्राहकही फसतो, नाही असं नाही. पण तो फसल्याचं कुणाला सांगत नाही, एवढाच फरक.

सुरुवात पुण्याशी संबंध असलेल्या एका वस्तूपासून करतो. तांब्याचा किंवा पितळेचा, चांगला जाड तुकडा. एका बाजूला रामपंचायतन, पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरांत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, अर्धा आणा किंवा एक आणा असं मूल्य, आणि खाली साल : १८१८. कुठल्याही जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या ॲपवर शोधा, ढिगानं सापडेल. किंमत शंभर रुपयांपासून कोट्यवधी रुपयांपर्यंत. कोट्यवधी मागणाऱ्यालाही कुणीतरी फोन करतं, म्हणून तो मागतो.

नारायण पेठेत बसून १८१८ या सालाबद्दल वेगळं सांगायला नको. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि पुढच्या जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. आता विचार करा, त्या वर्षी कंपनी रामपंचायतनाचं नाणं कशाला पाडेल? तिनं खरोखर काय केलं ते नाण्यांवरूनच कळतं. पुण्याचा ताबा मिळाल्यावरही कंपनीनं इथे जुन्याच ठेवणीचे, फारसी मजकुराचे, अंकुशाची खूण असलेले रुपये पाडत ठेवले. लोकांना ओळखीचं नाणं हवं होतं आणि कंपनीला महसूल हवा होता. राजाच्या मुखवट्याचा एकच रुपया कंपनीच्या सगळ्या मुलखात चालू करण्याचा कायदा झाला तो १८३५ मध्ये. तोवर मुंबई, मद्रास, बंगाल या तिन्ही इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती.

यात एक खाचखळगा आहे, तोही सांगितला पाहिजे. मद्रास इलाख्यात कंपनीनं गोपुराचं आणि विष्णूचं चित्र असलेली नाणी पाडली होती. म्हणजे कंपनीच्या नाण्यावर हिंदू देव कधी आलाच नाही, असं म्हणता येत नाही. थापेला एवढा आधार पुरतो. रामपंचायतन असलेले टाक, ज्यांना रामटंका म्हणतात, तेही तीर्थक्षेत्रांच्या बाजारात फार पूर्वीपासून मिळतात आणि श्रद्धेची वस्तू म्हणून त्यांच्यात खोटं काहीच नाही. कुणीतरी त्या टाकाच्या मागच्या बाजूला कंपनीचं नाव आणि साल घातलं, आणि टाकाचं नाणं झालं. पुढे त्यावर आणखी एक कथा चढली : हे नाणं तांदूळ ओढून घेतं, कारण त्यात इरिडियम आहे आणि परदेशातल्या अवकाश संस्था ते विकत घेतात. ‘राइस पुलर’ या नावानं पोलिसांच्या दप्तरी हा प्रकार चांगलाच परिचित आहे. दाण्यांना लोखंडाचा कीस फासलेला असतो आणि लोहचुंबक आत कुठेतरी बसवलेला असतो. तांदूळ हलतो आणि समोरच्याची अक्कलही.

हे नाणं बनवणाऱ्यानं कुठल्याही खऱ्या नाण्याची नक्कल केलेली नाही, हे माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं आहे. नक्कल करायला मूळ नाणंच नव्हतं. त्यानं गिऱ्हाइकाचा अभ्यास केला. देव हवा, इंग्रज हवा, वाचता येईल असं साल हवं आणि वस्तू हाताला जड लागायला हवी. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की बाजारातलं प्रत्येक खोटं नाणं कमीअधिक प्रमाणात असंच बेतलेलं असतं. ते जुन्या टांकसाळीशी जुळायचं नसतं, तुमच्याशी जुळायचं असतं. म्हणून ते ओळखायला आधी आपल्याला काय हवंय ते पाहावं लागतं, आणि ते पाहायला कुणालाच आवडत नाही.

आता शिवराईकडे येऊ. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही महाराजांची नाणी. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं कडं. पूर्ण शिवराईचं वजन बहुधा अकरा ते तेरा ग्रॅमच्या दरम्यान भरतं. ती घडवायची रीत साधी होती. खालचा ठसा ऐरणीत पक्का केलेला, त्यावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे ठशावरचा सगळा मजकूर चकतीवर कधीच मावायचा नाही. कधी ‘श्री’ अर्धी जाते, कधी ‘शिव’मधला ‘व’ काठाबाहेर पडतो, कधी कडं एकाच अंगाला उमटतं. हजार शिवराया पाहिल्यात तर एकीसारखी दुसरी सापडणार नाही. अक्षरांच्या वळणांत आणि ऱ्हस्वदीर्घातसुद्धा एवढे प्रकार आहेत की काही संग्राहक आयुष्यभर तेवढेच जमवत बसतात. त्यांच्या घरच्यांना याचं काय कौतुक असतं, ते मी इथे सांगत नाही.

आणि लिलावात येणारी खोटी शिवराई? तिच्यावर सगळं असतं. श्री, राजा, शिव, सगळं कडं, मध्यभागी नीट बसलेलं, एकही अक्षर काठावर तुटलेलं नाही. विकत घेणाऱ्याला महाराजांचं नाव पूर्ण वाचायचं असतं, मग बनवणारा ते पूर्ण देतो. खऱ्या शिवराईनं ज्या ठिकाणी ग्राहकाची निराशा केली असती, नेमकी तीच जागा खोटी शिवराई भरून काढते. बोली लावणारा मात्र ती पाहून म्हणतो, किती सुंदर पीस आहे, म्हणून भाव जास्त.

याच पेठेतले एक निवृत्त गृहस्थ मध्यंतरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आपल्या शिवराया घेऊन आले होते. वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या. मी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या. दोन शिवरायांना घड्याळातल्या चारच्या जागी काठावर एकाच मापाचा खळगा होता. ‘छ’च्या पोटात दोन्हीकडे एकच बारीक गाठ होती. एकीवर हिरवट कळंक, दुसरीवर काळपट. पण हातोड्यानं घडवलेल्या दोन नाण्यांच्या काठांना सारखाच खळगा पडू शकत नाही. एका खऱ्या नाण्यावरून साचा काढला, त्यात धातू ओतला, आणि मूळ नाण्याच्या नशिबी आलेला खळगा साऱ्या पिलावळीला मिळाला, एवढाच याचा अर्थ. भिंग लावल्यावर पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली. ओतताना धातूत हवा अडकते, तिची ती खूण. एकीच्या कडेला घासून काढलेल्या सांध्याची रेघ होती. त्या गृहस्थांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, “मग यातली खरी कोणती?” मी सांगितलं, जी तुम्हाला सगळ्यात कमी आवडली ती दाखवा. त्यांनी एक झिजलेली, अर्धी ‘राजा’ दिसणारी, वाकडी चकती पुढे सरकवली. ती खरी होती.

पण ती महाराजांच्या काळातली होती का? इथे दुसरा घोटाळा सुरू होतो. शिवराई हे काही एका राजवटीपुरतं नाणं नव्हतं. छत्रपतींच्या नावानं ती पेशवाईत पडत राहिली, सातारकर छत्रपतींच्या काळात पडत राहिली, आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालली. ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर पेशवाई बुडाल्यानंतरची. तांबं खरं, टांकसाळ खरी, वय दोनशे वर्षांच्या आसपास; पण लिलावातल्या मजकुरात लिहिलेलं असतं : शिवकालीन, दुर्मीळ. काही शेकड्यांची वस्तू काही हजारांना जाते. यात खोटं नाणं कुठेच नाही, तरी पैसे तेवढेच बुडाले. केनेथ विगिन्स आणि के. के. माहेश्वरी यांचं मराठा टांकसाळी आणि नाण्यांवरचं पुस्तक १९८९ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेनं काढलं. ते चाळलं तरी हा फरक तासाभरात कळतो. पण तासभर पुस्तक पाहायचं की लिलावाचं घड्याळ पाहायचं?

त्या घड्याळाकडे वळतो. पूर्वी जुनं नाणं घ्यायचं तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जायचं. गोणपाटावर मांडलेल्या ढिगातून एक उचलायचं, दगडावर वाजवायचं, नखानं खरवडायचं, ठेवून द्यायचं, पुढच्या फेरीत पुन्हा उचलायचं. विकणारा वैतागायचा, पण वस्तू हातात असायची. वजन, नाद आणि काठ ही तीन प्रमाणपत्रं हाताला आणि कानाला मिळायची. ऑनलाइन लिलावात यांतलं एकही येत नाही. येतं ते फक्त चित्र, आणि खोटं नाणं आता त्या चित्रासाठीच तयार होतं. काठाचा फोटो मागा, दहातले आठ विक्रेते गप्प बसतात. उरलेले दोघं विचारतात, “घ्यायचंय का टाइमपास?”

मग बोली. व्हॉट्सॲपच्या गटांत तर हा प्रकार फार रंगतो. रात्री दहाला बोली बंद, बेस प्राइस पाचशे, वाढ पन्नासच्या पटीत. साडेनऊपर्यंत शांतता असते. नऊ पन्नासला एकानं सातशे टाकले की दुसरा साडेसातशे टाकतो. इथे आपल्या डोक्यात एक चूक चोरपावलांनी शिरते. दुसरा माणूस बोली लावतोय, म्हणजे त्याला काहीतरी कळलं असणार, असं आपण धरून चालतो. त्यालाही आपल्याबद्दल तेच वाटत असतं. दोघांनाही काही कळलेलं नसतं, आणि एकमेकांच्या अज्ञानाचा आधार घेत भाव दोन हजारांवर जातो. कधी कधी समोरचा माणूस विक्रेत्याचा मेव्हणाच असतो, ते वेगळं.

या दुखण्याला अर्थशास्त्रात विजेत्याचा शाप म्हणतात. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी तो पहिल्यांदा नीट मांडला. समुद्रतळाच्या भूखंडात तेल किती असेल, याचा अंदाज प्रत्येक कंपनी बांधते. कुणाचा कमी येतो, कुणाचा जास्त. लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला असतो. म्हणजे जिंकणं हीच चुकल्याची निशाणी. पुढे २००३ मध्ये बजारी आणि होर्ताच्सू या दोन अभ्यासकांनी ईबेवरच्या नाण्यांच्याच लिलावांवर हे तपासून पाहिलं. बोली लावणारे जास्त असले की माणसं थोडा हात आखडता घेतात, असं त्यांना दिसलं. दिलासादायक आहे. पण त्यांनी अभ्यासलेले लिलाव अमेरिकी टांकसाळीनं काढलेल्या नाण्यांच्या संचांचे होते. संच खराब झाला असेल का, एवढीच तिथे शंका. वस्तू मुळात नाणं आहे की नाही, हाच प्रश्न असतो तेव्हा हात आखडायला आधी शंका यावी लागते. आमच्या गटांत ती येत नाही.

आणि एक जुगारी हिशेब असतो, तो चांगले शिकलेले लोक करतात. १९३९ चा जॉर्ज सहावा यांचा रुपया घ्या. चांदी कमी करण्यापूर्वीच्या या शेवटच्या रुपयातले फार थोडे आज शिल्लक आहेत. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९३८ चा रुपया त्यामानानं सहज मिळतो. तेव्हा १९३८ मधल्या आठाचा नऊ करायचा, किंवा सरळ साचा काढून जर्मन सिल्व्हरची चकती ओतायची, हा जुना धंदा. आता लिलावात असा रुपया आठशेला उभा आहे. ग्राहक म्हणतो, खरा निघाला तर लॉटरी, खोटा निघाला तर आठशेच गेले. हा माणूस स्वतःला फसलेला समजतच नाही. पण जर्मन सिल्व्हरची ती चकती वीस रुपयांचीही नाही. आणि ती खरी असती तर आठशेला उभी राहिलीच नसती. ज्याच्या हातात ती होती त्यानं लिलावाचं घड्याळ लावण्याआधी चार माणसांना विचारलं असतं. सगळे मिळून दर आठवड्याला अशा किती लॉटऱ्या घेतात, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. विकणारा ठेवतो.

घरी करता येण्यासारखी एक परीक्षा सांगतो, कारण ती फार सुंदर आहे. इंग्रजी अमदानीतला, १९४० पूर्वीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यातली चांदी शेकडा ९१.७. सोनाराच्या छोट्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेला रुपया पाण्यात असा बुडवा की तो तळाला टेकणार नाही. काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवेल. जर्मन सिल्व्हरचा तेवढ्याच वजनाचा तुकडा घ्या, काटा १.३ च्या वर जाईल, कारण तो धातू हलका आणि म्हणून तुकडा जाड. काटा आता चारपाचशे रुपयांत मिळतो. या एका परीक्षेत ऑनलाइन घेतलेल्या खोट्या रुपयांपैकी बहुतेक गळतात.

सोन्याच्या होनाला मात्र ही परीक्षा उपयोगाची नाही, आणि इथेच पुण्याचा माणूस आपल्या हुशारीमुळे फसतो. तो होन घेतो आणि थेट लक्ष्मी रोडवर सराफाकडे जातो. सराफ कसोटीवर ओढतो, किंवा हल्लीच्या यंत्रात ठेवतो, आणि सांगतो : सोनं चोख आहे. माणूस निश्चिंत होऊन घरी येतो. पण होनाचं वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम. तेवढं सोनं खोटा होन करणाऱ्याला सहज परवडतं, कारण विकताना तो सोन्याची किंमत घेत नाही, महाराजांच्या नावाची घेतो. सराफानं धातूची साक्ष दिली, नाण्याची नाही. आणि त्यानं तसा दावाही केला नव्हता. खरे शिवकालीन होन इतके थोडे आहेत की प्रत्येकाचा फोटो आणि ठसा अभ्यासकांच्या तोंडपाठ असतो. असा होन मोबाइलवरच्या लिलावात रात्री साडेनऊला अचानक उगवत नाही.

होनाचा विषय निघालाच आहे तर राज्याभिषेकाच्या वेळची एक गोष्ट सांगतो. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेव्हा रायगडावर होता, तहाची कलमं घेऊन. त्यांतलं एक कलम असं होतं की मुंबईची इंग्रजी नाणी महाराजांच्या राज्यात चालावीत. महाराजांनी उत्तर दिलं त्याचा मतलब असा : ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घेण्याची मी तिच्यावर सक्ती करणार नाही, तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतरांच्या नाण्याइतकं वजनदार आणि चोख असेल तर मी अडवणारही नाही. म्हणजे नाण्यावर नाव कुणाचं आहे हे त्यांनी बाजूला ठेवलं आणि वजन व कस एवढंच पाहिलं. आज त्यांच्याच नावाचं नाणं घेताना आपण नेमकं उलट करतो.

पुण्याच्या पेशवाईतल्या बाजाराला हा मोकळेपणा परवडला, कारण त्याच्याकडे पारख करणारी माणसं होती. किती टांकसाळी होत्या आणि किती प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत, हे न्यायमूर्ती रानड्यांच्या मराठेशाहीतल्या नाण्यांवरच्या इंग्रजी निबंधात वाचावं. टांकसाळी बऱ्याचदा खासगी, सोनारांकडे परवान्यानं दिलेल्या, आणि खोटं नाणं काढल्याच्या तक्रारी त्यातच. अशा गर्दीत पोतदारानं नाणं तपासायचं, सराफानं बट्टा लावायचा, हा रोजचा व्यवहार होता. पोतदार, सराफ, पारखी, या सभागृहात तिन्ही आडनावांची मंडळी नक्की असतील. आडनावं टिकली, काम गेलं.

खोटी जुनी नाणी बनवणं ही काही आपली खासियत नाही. सोळाव्या शतकात पादुआच्या कॅव्हिनोनं रोमन नाण्यांच्या शैलीतली अशी सुंदर नाणी घडवली की आज संग्रहालयं ती त्याच्याच नावानं जपतात. जर्मनीतला बेकर, १७७२ ते १८३० या काळातला, त्याहून पुढचा. तो आपली नवी ‘प्राचीन’ नाणी लोखंडाच्या किसानं भरलेल्या पेटीत घालून बग्गीला जोडायचा आणि म्हाताऱ्या मंडळींना फेरफटका मारून आणतो म्हणायचा. गाडीच्या हिसक्यांनी नाणी हवी तशी झिजायची. बेकरचे ठसे मात्र पुढे ओळखले गेले, याद्या छापल्या गेल्या, आणि खोटेपणालाही पत्ता मिळाला. आपल्याकडे खोट्या शिवराईचा साचा कुणाचा, ती कुठे ओतली, याची यादी कुणी छापत नाही.

कायदा काय म्हणतो? इथे बऱ्याच वकिलांचीही गडबड होते. नाणं बनावट करणं हा मोठा गुन्हा, पूर्वी भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १७८ व्या कलमात. पण दंड संहितेनं नाण्याची जी व्याख्या केली होती ती मुळात पैसा म्हणून वापरात असलेल्या, सरकारी शिक्क्याच्या धातूची. शिवराई आज पैसा नाही. तिची नक्कल करणाऱ्यावर लागू शकतो तो साध्या फसवणुकीचा गुन्हा, आणि त्यासाठी विक्रेत्यानं जाणूनबुजून फसवलं हे दाखवावं लागतं. तो म्हणतो, मलाही आजोबांच्या पेटीत सापडली, मला कुठे कळतं. अमेरिकेत १९७३ पासून नाण्यांच्या नकलेवर ती नक्कल आहे असं ठळक उमटवणं कायद्यानं सक्तीचं आहे. आपल्याकडे त्या धर्तीचं काही नाही.

फसवणाऱ्याला कायदा अडवत नाही हे एक. काही वेळा तो त्याचं संरक्षणच करतो. विक्रेता कुजबुजत सांगतो : घर पाडताना हंडा सापडला, सरकारला कळू देऊ नका. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हे विकत घेणाऱ्यालाही ऐकून माहीत असतं. म्हणून तो गुपचूप घेतो. पुढे नाणी पितळेची निघतात, पण पोलिसांत जायचं तर आपणच गुप्तधन दडवायला निघालो होतो हे सांगावं लागेल. तो गप्प बसतो. हंड्याची गोष्ट विश्वास बसावा म्हणून सांगतात, हा समज अर्धाच बरोबर आहे. तक्रार होऊ नये म्हणूनही ती सांगतात.

खरा हंडा सापडतो तेव्हा काय दिसतं, तेही आपल्या शेजारीच पाहायला मिळालं. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडला चिखली भागात बांधकामावरच्या मजुरांना मुहम्मदशहाच्या काळातल्या सोन्याच्या मोहरा सापडल्या आणि पोलिसांनी त्या जप्त केल्या. आकडे वर्तमानपत्रांत आले होते : २१६ नाणी, वजन २,३५७ ग्रॅम. भागून पाहा, नाण्यामागे १०.९ ग्रॅम येतात. मोगली मोहरेचं वजन तेवढंच असतं. तीनशे वर्षं मातीत राहून, कुदळ लागून, मजुरांच्या घरी राहून आणि पोलिसांच्या पिशवीत जाऊनही ती नाणी टांकसाळीच्या हिशेबाशी प्रामाणिक राहिली. ऑनलाइन ‘हंड्यातल्या’ मोहरांचं वजन विचारा, सातपासून चौदापर्यंत काहीही सांगतात.

उलट्या दिशेची फसवणूकही आहे. थोडक्यात सांगतो, कारण तिला पारखीची नाही, फक्त लोभाची गरज लागते. माता वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ मध्ये निघाली. ती सर्रास सापडतात. त्यांना लाखो रुपये मिळतात, असे व्हिडिओ फिरतात. ‘ग्राहक’ फोन करतो, दहा लाख द्यायला तयार होतो आणि आधी जीएसटी, मग नोंदणी शुल्क, मग रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरायला सांगतो. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला प्रसिद्धिपत्रक काढून सांगितलं की असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि आपण कुठलंही शुल्क घेत नाही. पाच रुपयांचं नाणं घरी राहतं, खात्यातले लाखभर जातात. यात बळी पडतात ते बहुधा ज्येष्ठ नागरिक, आणि मुलांना कळू नये म्हणून तेही तक्रार करत नाहीत.

राहता राहिला प्रतिकृतींचा प्रश्न. राज्याभिषेकाला ३५० वर्षं झाली तेव्हापासून किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि प्रदर्शनांत होन आणि शिवराईच्या प्रतिकृती खूप विकल्या जातात. त्यांत गैर काही नाही. मुलांच्या हातात महाराजांचं नाणं यावं, ही चांगलीच गोष्ट. पण त्याच प्रतिकृती चिंचेच्या पाण्यात, आम्लात, कधी शेणात पुरून वर्षभरात ‘ओरिजिनल’ म्हणून लिलावात येतात. बनवणाऱ्यांपैकी जे प्रामाणिक आहेत त्यांना माझी इथूनच विनंती आहे : काठावर ‘प्रतिकृती’ आणि साल ठशातच कोरा. ठसे करणाऱ्या कारागिराला त्यासाठी अर्धा दिवससुद्धा लागणार नाही. सरकारनं कायदा करावा, अशी वाट पाहत बसलो तर तोवर पाचसहा पिढ्यांचे साचे निघतील. आणि नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळांनी, पुण्यात अशी मंडळं भरपूर आहेत, सापडलेल्या खोट्या नाण्यांचे फोटो एका ठिकाणी छापावेत : चारच्या जागी खळगा असलेली शिवराई, ‘छ’च्या पोटात गाठ असलेली शिवराई, शेजारी शेजारी. फसलेल्या माणसाचं नाव छापायची गरज नाही. नाण्याचं छापा.

वेळ होत आला. पलीकडच्या टेबलावर वजनकाटा, पाण्याचं भांडं, दोरा आणि दोन भिंगं ठेवली आहेत. ज्यांनी नाणी बरोबर आणली असतील त्यांनी रांगेनं यावं. वजन करून देईन, काठ दाखवीन, साल सांगेन. किंमत मात्र कुणालाच सांगणार नाही. आणि आत्ता ज्यांच्या मोबाइलवर एखाद्या लिलावाची बोली चालू असेल त्यांनी ती दहा मिनिटं थांबवून आधी काठाचा फोटो मागवावा.